तळहातावरून गाठ कळते का?

ताई, कोथरूडच्या शिबिरात आईच्या तळहातांना पट्ट्या लावून, त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडून ‘कर्करोगाची शक्यता’ छापून दिली, त्यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंत. विजेच्या मापावरून गाठ ओळखायची, ही मूळ कल्पना थोतांड नाही. फ्रिक आणि मोर्स यांनी १९२६ मध्येच स्तनातल्या गाठींची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजली होती. पेशीचं आवरण कपॅसिटरसारखं (विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखं) वागतं: कमी वारंवारितेचा प्रवाह पेशींना वळसा घालून जातो, जास्त वारंवारितेचा आरपार. गाठीत पाणी, आवरणं, पेशींची दाटी सगळंच बदलतं, म्हणून विजेच्या मापाचे आकडेही बदलतात.

पण त्यासाठी इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह सोडणाऱ्या-मोजणाऱ्या पट्ट्या, त्या जागेवरच हवेत! स्तन असे तपासणाऱ्या टी-स्कॅन २००० या यंत्राला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली, तीसुद्धा मॅमोग्राफीच्या जोडीला. मेलानोमासाठीचं (त्वचेच्या एका कर्करोगासाठीचं) नेव्हिसेन्स हे यंत्रही थेट संशयित तिळावर टेकवतात. तळहात ते तळहात मोजलं तर प्रवाहाला होणारा बराचसा रोध हातांचाच येतो. शिवाय असे आकडे सहज हलतात: आमच्या जिममधल्या, असाच प्रवाह सोडून चरबी सांगणाऱ्या काट्यावर तांब्याभर पाणी पिऊन चढलो की माझी चरबी बदलते, वडापाव न खाता.

तो कागद रद्दीत टाका. मात्र आईंना खरंच गाठ लागत असेल तर ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गरज पडली तर बायॉप्सी ते सांगतील.