पसंतीक्रमाचे दहा रकाने: तुम्ही कसे भरलेत?

लेकीची दहावी झाली. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला माणिकबागेत राहतो. अकरावीच्या अर्जाचा पहिला भाग भरून झालाय, पण दुसऱ्या भागातले पसंतीचे दहा रकाने चार दिवस तसेच रिकामे आहेत. आजोबा एस. पी. कॉलेजवर अडून आहेत, मावशीला फर्ग्युसन कॉलेजच हवंय. शेजारचे काका म्हणतात, कॉलेज कुठलंही घ्या, क्लास तेवढा चांगला लावा. लेक काहीच बोलत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. मागच्या वर्षीचे कट-ऑफ आमच्याकडे आहेत, ते नकोत. निवडताना तुम्ही काय बघितलंत, काय बघायचं राहिलं आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा. बारावीनंतरचे अनुभवही हवेत.

*

आमचं पहिल्या रकान्यातच चुकलं, म्हणून आधी तेच सांगतो. आम्ही हडपसरचे. मुलाला मनापासून हवं होतं ते घराजवळचं कॉलेज. पण सगळे म्हणाले, वर एखादं मोठं नाव टाकून ठेवा, लागलं तर बघू. आम्ही शिवाजीनगरचं एक टाकलं. पहिल्याच यादीत ते लागलं! पेढे वाटले. मग नियम नीट वाचला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव राहत नाही. म्हणजे 'लागलं तर बघू' असं काही नसतंच. मुलगा दोन वर्षं सकाळी साडेपाचला उठून दोन बस बदलत गेला. कॉलेज उत्तमच होतं, शिक्षकांबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. पण दुपारी घरी आला की पोरगं जेवता जेवता पेंगायचं. माझं कळकळीचं सांगणं: यादी लावण्याआधी एकदा तरी त्या वेळेला, त्याच बसने, मुलासोबत जाऊन या. रविवारी गाडीतून नको, कामाच्या दिवशी.

*

मी गेल्या वर्षी बारावी झाले. शेजारच्या काकांच्या वाक्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्या घरीही तेच वाक्य होतं. 'इंटिग्रेटेड' घेतलं. नाव एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, हजेरी आपोआप. एमएचटी-सीईटीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चांगली झाली, हे खरं आहे. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न एकेका गुणाचे, दोन्ही भागांना ९०-९० मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी बारावीचा, त्याप्रमाणे उजळणीही लावून दिली होती.

पण दोन वर्षांत प्रयोगशाळेत मी मोजून तीनदा गेले. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला हात थरथरत होते. ब्युरेटच्या टोकाशी अडकलेली हवा आधी काढायची असते, हे मला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथे सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता मेकॅनिकलला आहे आणि वर्कशॉपमध्ये पहिले काही महिने माझे फार जड गेले. मला सोळाव्या वर्षी मैत्रिणी हव्या होत्या, कट्टा हवा होता, गॅदरिंग हवं होतं. ते मागायला मी घाबरले. ताईंची लेक गप्प आहे ना, तिला एकटीला गाठून विचारा. सगळ्यांसमोर नाही.

*

माझं दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतन (पॉलिटेक्निक), मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. अकरावीच्या रांगेत उभं राहायची वेळच आली नाही. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलांसमोर हा रस्ता ठेवाच. नातेवाईक 'डिप्लोमा?' असं विचारतील, विचारू द्या.

*

मी बार्शीकडचा. बारावीनंतर बीएस्सीला पुण्यात आलो. कॉलेज निवडताना मी नाव आणि विषय बघितले, राहायचं कुठे हे बघितलंच नाही. वाटलं, एवढं मोठं कॉलेज, होस्टेल देतीलच. होस्टेलची यादी गुणांवर लागली, नंबर हुकला. नारायण पेठेत एका खोलीत चौघं, कॉट बेसिसवर. डिपॉझिट भरायला वडिलांनी शेळ्या विकल्या, हे मला दिवाळीला गेल्यावर समजलं.

दुसऱ्या वर्षी एका सरांनी हाताला धरून फर्ग्युसन रस्त्यावरच्या विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहात नेलं. मुलाखत झाली, जागा मिळाली. तिथे मुलांनीच बरीच कामं वाटून घ्यायची असतात. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजनाही तेव्हाच समजली. रोज काही तास ग्रंथालयात पुस्तकं लावायचो, त्यात मेसचा बराच भार निघायचा. या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी माहीत असत्या तर आमच्या शेळ्या वाचल्या असत्या. बाहेरगावच्या पालकांनो, कॉलेजच्या अर्जासोबतच वसतिगृहांचे अर्ज भरा, सामाजिक संस्थांचे आणि सरकारी दोन्ही. निकालाची वाट बघत थांबू नका.

*

कागदपत्रांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे आरक्षणासाठी लागणारं नॉन क्रीमी लेअरचं प्रमाणपत्र होतं, पण ते ३१ मार्चला संपलेलं. प्रवेशाला त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, म्हणजे पुढच्या वर्षीचा मार्च. सेतू केंद्रावर जूनमध्ये एवढी गर्दी, की नवऱ्याने तीन रजा घातल्या. जात वैधता प्रमाणपत्राला तर त्याहून वेळ लागतो, अकरावीतच अर्ज करा. आणि मुलींच्या आयांनो, २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ओबीसी गटांतल्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश केंद्रीय फेरीतून मात्र घ्यावा लागतो. फी बघून लेकीचं कॉलेज यादीतून खोडण्याआधी हे तपासा.

*

मला ९२ टक्के होते आणि मी आर्ट्स घेतलं. आईचे डोळे आठवडाभर लाल होते. घरात भांडून घेतलं होतं, त्यामुळे चुकायची सोयच नव्हती, म्हणून मी अभ्यास करून निवड केली. मला मानसशास्त्र आणि जर्मन एकत्र हवं होतं. ऑनलाइन अर्जात दिसतं कॉलेज, शाखा आणि माध्यम. विषयांचे गट कुठे कोणते आहेत, ते त्या त्या कॉलेजच्या खिडकीवर जाऊन विचारावं लागतं. मी सात ठिकाणी वही घेऊन गेले. एका ठिकाणी हवे ते दोन्ही विषय होते, पण एकाच वेळेला! हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं, फळ्यावर लावलेल्या जुन्या वेळापत्रकात सापडलं.

शिक्षकांपेक्षा मी मुलांशी जास्त बोलले. चहाच्या टपरीवर उभी राहून दोनच प्रश्न विचारायचे: तास होतात का? आणि लायब्ररीतून पुस्तक घरी देतात का? पहिल्या प्रश्नाला कोणी हसलं, तर मी ते नाव वहीत खाली सरकवायची. जर्मन पुढे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालू ठेवलं, आज त्याच भाषेवर माझी नोकरी आहे. आईने परवा शेजारणीच्या मुलीला माझी ती वही दाखवायला मागून घेतली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या वहीचा अनुभव मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. 'तिला एकटीला गाठून विचारा' हे वाचलं तेव्हा थांबले, आणि रात्री गच्चीवर गेल्यावर विचारलं. ती म्हणाली, सायन्स नको असं नाही, पण मला संख्याशास्त्र आवडेल का ते बघायचंय, आणि मला क्लासवाल्या कॉलेजात नाही जायचं. चार दिवस हे तिच्या पोटात होतं.

काल आणि आज आम्ही दोघी स्वारगेटमार्गे बसने पाच कॉलेजं हिंडलो. एका ठिकाणी ती लायब्ररीच्या दारात बराच वेळ उभी राहिली. आतल्या बाईंनी 'ये की आत' म्हटलं. घरी आल्यावर तिने स्वतः लॉगिन केलं आणि पहिला रकाना भरला. मी शेजारी बसून कॉलेजचा कोड दोनदा ताडून बघितला.