जुन्या सायकलला छर्रे ठेवू की सीलबंद बीबी टाकू?

बाबांची जुनी सायकल उघडली. बीबीतलं (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा एक्सल फिरतो ती बेअरिंग) ग्रीस डिंकासारखं घट्ट झालंय आणि एक्सलवर छर्रे फिरतात तिथे नखाला लागेल असा खड्डा. नुसते छर्रे बदलून भागेल?

— नाही. तो खड्डा नवे छर्रेही खाईल. छर्रे बसतात ते कप गुळगुळीत असतील तर एक्सल बदला आणि पाव इंची छर्रे भरा, बिनजाळीचे सहसा एका बाजूला ११.

— मी पावसात चालवतो, म्हणून सीलबंद टाकली. आधी शेलची (फ्रेममधली बीबी बसते ती नळी) रुंदी, आटे मोजा. इंग्लिश आटे असतील तर चेनकडचा कप उलटा सुटतो. मी तासभर तो घट्टच करत बसलो होतो! क्रँक (पेडलचा दांडा) कॉटर पिनचा, म्हणजे एक्सलवर पाचरीसारख्या पिनने बसवलेला असेल तर तोही बदलावा लागेल.

— पिनचाच आहे हो. एक्सलच शोधतो मग.