नाताळच्या गीतात टँकरची रांग चालेल का?

वसईकर: आमच्या गायकवृंदातील तरुणांनी यंदा नाताळसाठी रचलेल्या गीतात गव्हाणीतल्या बाळाशेजारीच टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांची हंडे-कळशांची रांग आणि भराव घालून बुजवलेली बावखले (आमच्याकडची पाणी साठवणारी पारंपरिक तळी) आली आहेत. काही ज्येष्ठांच्या मते हे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, शोभणार नाही. अशा गायनाला काही परंपरा आहे का?

वाडीवाला: निश्चितच आहे. शिकागोचे थॉमस डॉर्सी हे मूळचे ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे संगीत वाजवणारे पियानोवादक. १९३०च्या दशकात त्यांनी तो ढंग प्रार्थनेत आणला, तेव्हा तेथील अनेक चर्चमधील ज्येष्ठांनीही नाके मुरडली होती. पुढे १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चात त्याच ढंगाच्या गायिका महालिया जॅक्सन गायल्या. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएलची बायबलमधील कथा त्या कृष्णवर्णीय समाजाला आपलीच वाटत असल्यामुळे, त्यांच्या गीतांत मोक्ष आणि मुक्ती वेगळ्या काढताच येत नाहीत.

रत्नागिरीहून: इतके दूर कशाला जायचे? रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. परदेशी चालींना सरावलेल्या उपासनेत त्यांनी अभंग आणि ओवी आणली. तीही त्या काळी एक भूमिकाच होती.

घुमटवाला: माझा आक्षेप विषयाला नाही, रचनेला आहे. तक्रार अर्जासारखी वाचली गेली, तर ती गीत राहत नाही. रिकामी कळशी अर्पणविधीच्या कडव्यात ठेवा, घुमटाचा (मातीच्या तालवाद्याचा) ठेका संथ धरा आणि आधी फादरांना एकदा ऐकवा.

वसईकर: कळशीचे कडवे आजच्या सरावातच बदलून पाहतो.