बाहेरच्या सेवेचा वाटा आधी काढायचा, की उरला तर?

हिशेबवही

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंदाजपत्रकात सुवार्तेची (येशूचा संदेश पोचवण्याची) आणि गरजूंच्या मदतीची ओळ बहुधा सगळ्यात खाली असते. वर पाळकांचं मानधन, वीज, दुरुस्ती, वाद्यं, सणांचा खर्च. वर्ष संपेपर्यंत खालच्या ओळीला काही उरत नाही. मग दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर, उपदेश होतो आणि बाकांवर कुजबुज होते, 'बिल थकलेलं दिसतंय.' उपदेश कितीही चांगला असला तरी त्या महिन्यात तो वसुलीच वाटतो.

माझा प्रस्ताव असा. दर रविवारी मोजणी झाली की सर्वसाधारण अर्पणातून ठरलेला टक्का त्याच आठवड्यात वेगळ्या खात्यात टाकायचा. बिलं नंतर. सुरुवात 5 टक्क्यांनी करा, दर वर्षी एक टक्का वाढवा, 10 वर पोहोचा. टक्का फक्त सर्वसाधारण अर्पणावर. बांधकामासाठी नाव घालून दिलेलं दान, कर्जाऊ रक्कम, ठेवीवरचं व्याज यात धरू नका. नाहीतर पहिल्याच मोठ्या देणगीला वाटा फुगतो आणि पुढच्या वर्षी 'कमी केला' म्हणून वाद होतो.

सभासदांनी दहावा भाग द्यावा असं आपण सांगतो. मग मंडळीनेही स्वतःच्या उत्पन्नाचा द्यावा. बायबलच्या गणना या पुस्तकात 18:26 मध्ये लेवींनाच, म्हणजे उपासनास्थळाची सेवा करणाऱ्या वंशाला, सांगितलंय की मिळालेल्या दशमांशाचा दशमांश तुम्हीही काढा. घेणाऱ्यालाही सूट नव्हती.

मागचा बाक

हिशेबवही, वचन अर्धंच वाचलंत. दोन ओळी खाली या. लेवींनी काढलेला तो दशमांश अहरोन याजकाला जायचा, म्हणजे घरातल्या घरात. बाहेरच्यांसाठी आधार हवा असेल तर अनुवाद या पुस्तकातलं 14:28-29 घ्या. तिथे तिसऱ्या वर्षीचा दशमांश वेशीत साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायला सांगितलंय. चुकीच्या वचनावर बरोबर गोष्ट उभी केली तरी ती डगमगते.

आता पैशाचं. समजा महिन्याची सरासरी अर्पणं 100 आणि अटळ खर्च 88. तुमचे 5 काढले की 7 उरले, सगळं छान. पण वर्षातले तीन महिने अर्पणं 75 वर येतात, हे कुठलाही खजिनदार सांगेल. 75 मधून 3.75 गेले, उरले 71.25, तूट 16.75. तीन महिन्यांची तूट पन्नासच्या वर. तेव्हा पाळकांना 'थोडं थांबा' सांगणार? मंडळीत पहिली पगारकपात कायम त्यांचीच होते, कारण ते तक्रार करत नाहीत.

आधी तीन महिन्यांच्या अटळ खर्चाइतका राखीव निधी. तो भरला की वाटा काढा.

तीमथ्याची आजी

दोघेही पैसा आत आलाय हे गृहीत धरून भांडताय. तो येतो कसा, यावर बोला की.

'दशमांश दिलाच पाहिजे' हा नियम म्हणून शिकवायला माझा विरोध आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागितली तेव्हा दहाव्या भागाचा उल्लेखही केला नाही. पहिल्या पत्राच्या 16व्या अध्यायात तो सांगतो, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने आपल्याजवळ जमवून ठेवावं. यात नियमितपणा आहे, प्रमाण आहे, आणि पौल आल्यावर धावपळ होऊ नये एवढीच घाई आहे. दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात तर साफ म्हटलंय, जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नव्हे. पुढच्या काळातही तेच दिसतं. इसवी सन 155च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की ज्याला जितकं वाटेल तितकं तो देतो, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान, परके यांच्यासाठी ठेवलं जातं. 197च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन महिन्यातून एकदा आणि स्वखुशीने म्हणतो.

एकच दहावा भाग सगळ्यांना सारखा पडत नाही. ज्याचं सगळं भाडं, धान्य आणि औषधात जातं त्याच्या शंभरातले दहा ताटातून जातात. ज्याच्याकडे महिनाअखेरीला चाळीस उरतात त्याचे दहा शिलकीतून जातात, आणि दहा देऊन तो वर निश्चिंत होतो. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचा (सगळ्यात लहान नाण्यांचा) उपदेश आपण गरिबांना ऐकवतो. त्या प्रसंगात येशू बोलत होता तो शिष्यांशी, विधवेकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

हिशेबवही

मागचा बाक, वचनाची चूक मान्य. अनुवाद 14 जास्त चपखल आहे.

आकडे मात्र पुरते मांडा. तीन महिने 75 आणि सरासरी 100 म्हणजे उरलेले नऊ महिने 108च्या वर. त्यातून 5 टक्के काढून 88 भागवले तरी महिन्याला 14-15 उरतात, नऊ महिन्यांचे 130च्या पुढे. तूट पन्नास. आणि वाटा काढलाच नसता तरी वाईट महिन्यात 13 ची तूट आलीच असती, वाट्याने त्यात फक्त 3.75 ची भर घातली. खरं दुखणं हे की चांगल्या महिन्यातली शिल्लक नव्या ध्वनियंत्रणेत जाते आणि वाईट महिन्यात बोट सुवार्तेकडे दाखवलं जातं.

आजी, तुमचं प्रमाणाबद्दलचं बरोबर आहे. पण 'मनात येईल तसं' म्हटलं की लोक खिशात हात घालतात आणि हाताला लागेल ती नोट टाकतात. प्रमाण आधी ठरवून ठेवलं नाही तर ती टीप होते. म्हणून संकल्पपत्र द्यावं. त्यावर दर महिन्याचा टक्का ज्याने त्याने लिहायचा, दोन असो की बारा. ते दुहेरी ठेवा, एक प्रत सभासदाच्या घरी, दुसरी बंद पाकिटात खजिनदाराकडे. मात्र अंदाजपत्रक संकल्पांच्या बेरजेवर कधीही बांधू नका. नोकऱ्या जातात, घरं बदलतात, बेरीज पूर्ण उतरत नाही. मागच्या वर्षी प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर बांधा.

मागचा बाक

आणि वाईट तीन महिने वर्षाच्या सुरुवातीलाच आले तर? तुमचे 130 अजून जन्मालाच आलेले नसतील.

दारावरचा सेवक

टक्के ठरले, खाती उघडली, समजा. तो पैसा जाणार कुठे? बहुतेक ठिकाणी पत्रकं छापण्यात आणि एका मोठ्या सभेत. सभेला गर्दी होते, फोटो निघतात, नाव-पत्ता लिहिलेली कार्डं टेबलाच्या खणात जातात. तीन महिन्यांनी खण उघडला तर अर्धे फोन नंबर बदललेले. सुवार्ताप्रसार बहुधा या खणातच मरतो.

कार्डावर तीनच गोष्टी विचारा: नाव, फोन, 'भेटायला आलेलं चालेल का'. दहा रकाने असले की लोक कोरं कार्ड परत करतात. उपासना संपल्यावर कार्डं लगेच वाटून घ्यायची, नंतर नाही. प्रत्येक कार्डामागे एकाच माणसाचं नाव, कारण 'समितीने बघावं' म्हणजे कुणीच बघायचं नाही. 48 तासांत फोन. ज्यांनी होकार लिहिलाय त्यांच्याकडे आठवड्याभरात भेट, दोघांनी मिळून, वीस मिनिटांच्या वर नाही. पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय नाही आणि 'रविवारी या' चा आग्रहही नाही. कोण आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, हे बाहेर पडल्यावर वहीत लिहायचं, त्यांच्यासमोर नाही. दुसऱ्या भेटीला तेवढंच विचारायचं: 'परीक्षा कशी गेली?' दार उघडतं ते या प्रश्नाने.

एका जोडीकडे पाचपेक्षा जास्त घरं नकोत. आठ-दहा दिली की सगळी घरं एकेकदा होतात आणि दुसऱ्यांदा एकही नाही. सहा आठवड्यांनी वही बघा आणि पाळकांना फक्त दुसऱ्या भेटींचा आकडा द्या. वाटलेल्या पत्रकांचा आकडा कितीही फुगवता येतो, दुसऱ्या भेटीचा येत नाही.

मदतीबद्दल एक पक्कं ठरवा: धान्य, औषध, फी काहीही दिलं तरी त्याचा उपस्थितीशी संबंध नाही. ती अट घातली की येणारे येतात खरे, पण मदत थांबली की जातात, आणि आजूबाजूचे म्हणतात माणसं विकत घेतली. शक्यतो रोख देऊ नका. औषधाच्या दुकानात किंवा शाळेतच पैसे भरा, आणि निर्णय दोघांचा असू द्या. एकट्याच्या हातात दिलं की लोक मंडळीचे ऋणी न होता त्या माणसाचे होतात.

आणि हो, या कामाला पैसा किती लागतो? प्रवासखर्च आणि थोडी मदत. 5 टक्के पुरून उरतील. कमी पडतात ती माणसं. चारच जण सगळं करतात, दोन वर्षांत थकतात, मग 'मंडळीला या कामाची तळमळ नाही' म्हणून रागावतात. जोड्या दर तीन महिन्यांनी बदला, पण दोघांना एकदम नको. एक जुना, एक नवा ठेवा, नाहीतर त्या घराला दर वेळी पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

तीमथ्याची आजी

सेवक, दुसऱ्या भेटीचं लाखमोलाचं बोललात.

हिशेबवही, ती बंद पाकिटं मला खटकतात. कोण किती देतो हे पाळकांना कळता कामा नये. याकोबाच्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा देणारी मंडळी आहे ना, ती अशीच तयार होते. भेट आधी कुणाच्या घरी, प्रार्थना कुणासाठी लांब, सगळं नकळत त्या यादीवर चालतं.

हिशेबवही

पूर्ण अंधारात ठेवणंही चूक आहे. नियमित देणारं घर अचानक थांबलं तर त्यामागे बहुधा आजारपण असतं, गेलेली नोकरी असते, नाहीतर मंडळीवरचा राग. ही खबर सगळ्यात आधी वहीत उमटते. दोन महिने रकाना कोरा दिसला की खजिनदाराने पाळकांना एवढंच सांगावं, 'त्यांच्याकडे जाऊन या.' रक्कम नाही, कारणही नाही. भेटीत पैशाचा विषय निघाला तर समजा पद्धत फसली.

मोजणीबद्दल तर तडजोडच नको. 2 राजे 12 मध्ये योवाश राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झाली नव्हती, पैसा याजकांच्या हातून जात असूनही. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे मिळून मोजू लागले. आजही तेच करा. नात्यात नसलेले दोघे, इमारतीतून बाहेर पडण्याआधी मोजणी, दोन प्रतींत चिठ्ठी, दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. मोजणाऱ्याने वही लिहायची नाही. महिनाअखेरीला तिसऱ्याने चिठ्ठ्या बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहायच्या. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. 'तोवर माझ्या खात्यावर घ्या' हा तोवर वर्षभर चालतो.

मागचा बाक

त्याच अध्यायाच्या 15व्या वचनात काम करवून घेणाऱ्यांकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत, असंही आहे. तेही वाचा.

हिशेबवही

वाचलंय. पैसा मोजून, थैल्यांत बांधून हातात दिल्यानंतरचं ते आहे. आणि पौलानेही यरुशलेमच्या त्या वर्गणीसाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले, कुणी बोट ठेवू नये म्हणून.

मागचा बाक

बरं. मग राखीव निधीचं सांगा, उत्तर टाळू नका.

हिशेबवही

टाळत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच ओढाताण झाली तर, हा तुमचा मुद्दा खरा आहे. ठराव असा बदलतो:

एक, दर आठवड्याला 5 टक्के आधी बाजूला. त्यातले 3 राखीव निधीला, 2 बाहेरच्या सेवेला. राखीव निधी एका महिन्याच्या अटळ खर्चाइतका झाला की पाचही सेवेला.

दोन, सेवेच्या खात्यातून वीजबिल किंवा मानधन भरायचं नाही. अगदीच अडलं तर लेखी ठराव, रक्कम आणि परतफेडीची तारीख लिहून. तारीख नसलेली उसनवारी परत येत नाही.

तीन, दर तिमाहीला एक पान दारावर लावायचं: किती आलं, किती बाहेर गेलं, किती घरांना दुसरी भेट झाली. देणाऱ्यांची नावं नाहीत. दानाबद्दलचा उपदेश ते पान लागल्यानंतरच्या रविवारी, तुटीच्या महिन्यात कधीच नाही.

तीमथ्याची आजी

तिसऱ्या कलमात 'दशमांश' शब्द घालू नका, मी सही करते.

मागचा बाक

एक महिन्याचा निधी पुरत नाही, तीनच हवेत. पहिल्या कलमाला माझा विरोध नोंदवा. दुसरं आणि तिसरं मान्य.

दारावरचा सेवक

नोंदवा, आणि मागच्या रविवारची कार्डं कुणाकडे आहेत ते सांगा. 48 तास उलटून गेलेत.