थंडी पडली, आता तरी बूट घालू का?

टेकडीवाला

तीन वर्षं झाली, अनवाणी धावतोय. आठवड्यातून चार दिवस वेताळ टेकडी, सात-आठ किलोमीटर. फक्त पावसाळ्यात चिखल असतो म्हणून पातळ तळाचे सँडल. डिसेंबर आला की घरात तोच विषय निघतो. आई म्हणते, "पायातून थंडी शिरते रे." बायकोचं म्हणणं, लोकांना वाटतं ह्याला बूट घ्यायला पैसे नाहीत.

काल पहाटे मोबाइलवर ९ अंश दाखवत होतं. पहिली दहा मिनिटं तळवे फरशीसारखे गार. मग आतून ऊब येते आणि पाय मोकळे होतात. थंडीत रक्तवाहिन्या आधी आखडतात आणि काही वेळानं आपोआप उघडतात, हे लुईस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९३० सालीच मांडून ठेवलंय. उलट बुटातला फोम थंडीत कडक होतो. हार्वर्डच्या लिबरमन यांनी २०१० मध्ये दाखवलं की सवयीनं अनवाणी धावणारे बहुतेक करून पायाचा पुढचा भाग आधी टेकवतात, त्यामुळे टाच आपटून बसणारा झटका टळतो. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. नेदरलँड्सचा विम हॉफ २००७ मध्ये फिनलंडच्या बर्फावर अनवाणी अर्धमॅरेथॉन धावला.

माझा खरा मुद्दा मात्र विक्रमांचा नाही. अनवाणी पायाला जमीन कळते. पाऊल चुकीचं पडलं की तळवा लगेच कुरकुरतो, बुटात ते कळतच नाही. तेव्हा पुण्याच्या थंडीत बूट घालायचं एखादं सबळ कारण असेल तर सांगा. "सर्दी होईल" सोडून.

बर्फातला भाऊ

नऊ अंश? आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटात मार्चमध्ये नऊ अंश झाले की लोक हाफ पँट घालून अंगणात शेगडी पेटवतात.

आधी तुमचे पुरावे बघू. रोमची ती शर्यत सप्टेंबरातल्या संध्याकाळची. थंडीचा संबंध काय? आणि तोच बिकिला चार वर्षांनी टोकियोत बूट घालून धावला आणि रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर पोचला. विम हॉफ वर्षानुवर्षं बर्फाच्या पाण्यात बसणारा माणूस. आपण गिझर बंद असला तर आंघोळ पुढे ढकलतो.

आता माझी गोष्ट. इथला पहिला हिवाळा, उणे बारा, आणि पायात कागदासारख्या तळाचे, बोटं मोकळी ठेवणारे बूट. मीही तेव्हा तुमच्याच पंथातला. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्याचा राखाडी चिखल होतो. मला वाटलं, वितळलंय म्हणजे शून्याच्या वरच असणार. लहानपणी आइस्क्रीमचं पॉट फिरवलंय ना? बर्फात खडे मीठ घातलं की काय होतं? तो चिखल पातळ असूनही बर्फापेक्षा गार असतो. बूट भिजले. सुरुवातीला बोटं ठणकली, मग ठणका थांबला. मी खूश, म्हटलं पाय तापले. घरी येऊन मोजा काढला तर डाव्या पायाची करंगळी मेणबत्तीसारखी पांढरी आणि तशीच कडक. कोमट पाण्यात पाय घातल्यावर अर्ध्या तासानं जी कळ आली, ती विंचवाला लाजवेल. पुढे नख काळं पडून गळलं. सात वर्षं झाली, अजून ते बोट दुकानातल्या फ्रीजपाशी उभं राहिलं तरी पांढरं पडतं.

तुमचा सगळा डोलारा "तळव्याला कळतं" यावर उभा आहे ना? थंडी सगळ्यात आधी तेच कळणं काढून घेते.

फुकटसल्ला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मिलिंद सोमण कसे राहिले अजून? २०१७ साली अल्ट्रामॅन शर्यतीतले ८४ किलोमीटर अनवाणी धावले की.

बर्फातला भाऊ

फ्लोरिडात. म्हणजे हवेच्या हिशेबानं मालवणात.

टेकडीवाला

भाऊ, करंगळीचं वाचून अंगावर काटा आला. उणे बाराला अनवाणी धावा असं मी शत्रूलाही सांगणार नाही. पण तुमच्या करंगळीवरून माझ्या पुण्याचा निकाल का लावता? कातडी गोठायला तिचं तापमान शून्याच्या खाली जावं लागतं. नऊ अंशांच्या हवेत ते होणारच नाही. बधिरपणा येतो, मान्य, पण दहा मिनिटांचा.

टाचदुखी

मी फिजिओथेरपिस्ट. दोघंही अंशांवर भांडताय, माझ्याकडे येणारा पेशंट तिसऱ्याच कारणानं येतो.

जानेवारीच्या मॅरेथॉनची हवा डिसेंबरात चढते. कुणीतरी अनवाणी धावण्याचा व्हिडिओ पाठवतो आणि वीस वर्षं जाड टाचेच्या बुटात वावरलेला माणूस एका रविवारी थेट दहा किलोमीटर अनवाणी धावतो. तेही पहाटेच्या गारठ्यात, पोटऱ्या आखडलेल्या असताना. पंधरवड्यात पोटरी, टाचेमागची शीर नाहीतर पावलाचं हाड बोलायला लागतं. अमेरिकेत २०१३ साली एक अभ्यास झाला. नेहमीचे धावपटू दहा आठवड्यांत हळूहळू पातळ बुटांवर आणले, तरी १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. हे शिस्तीत बदललेले लोक होते. आपल्याकडे एका रविवारचा हिशेब.

टेकडीवाले, तुमची तीन वर्षं झालीत, तुम्ही धावा. पण मधुमेह असणाऱ्यानं हा धागा वाचून चप्पल काढू नये. आमच्याकडे एक काका आले होते, तळव्यात काटा मोडलेला, भोवती पू. कधी मोडला ते त्यांना माहीतच नव्हतं. थंडीत ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांनीही लांब राहावं.

आणि ते लुईसचं अर्धंच सांगितलंत. बाकी अंग गरम असेल तर त्या वाहिन्या नीट उघडतात. अंगच गारठलं तर शरीर पायांकडची ऊब रोखून धरतं. तेव्हा पाय उघडे ठेवायचेच असतील तर कानटोपी घाला.

निफाडची सून

आमच्याकडे पारा चार-पाचवर उतरतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. सासरे आयुष्यभर त्या दवात अनवाणी फिरले. टाचांना भेगा अशा की रुपया उभा राहील. त्यांना कुणी विचारलं नाही की पायाला जमीन कळते का म्हणून. मुलाला पहिला पगार झाला तेव्हा त्यानं त्यांना बूट आणले, तर आठ दिवस उशाशी ठेवून झोपले.

धावा हो, माझा विरोध नाही. फक्त "पूर्वीचे लोक कसे अनवाणी" हे पालुपद कुणी सुरू करू नका. पूर्वीच्या लोकांना विचारून बघा.

फुकटसल्ला

ताई, _/\_

भेगांसाठी कोकमाचं तेल. आमच्याकडे मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल. मेणासारखा गोळा मिळतो. तो जरा दिव्यावर धरायचा, पाघळला की भेगेत भरायचा आणि जुने मोजे घालून झोपायचं. हा एकच सल्ला खात्रीचा.

टेकडीवाला

ताई, तुमच्या सासऱ्यांच्या बुटांवर माझ्याकडे उत्तर नाही.

बाकी एक गोष्ट लिहावी की नाही विचार करत होतो, पण टाचदुखी यांच्या काटेवाल्या काकांमुळे लिहितो. पावसाळ्यानंतर टेकडीवरचं गवत वाळतं आणि वाटेवर कुसळं नि सराटे पसरतात. सराटा कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. मागच्या रविवारी मी नेहमीसारखा धावून आलो, पाय न धुताच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. आई म्हणाली, "हे लाल काय आहे?" दारापासून माठापर्यंत फरशीवर एक सोडून एक ठिपके होते. उजव्या टाचेत अख्खा सराटा रुतलेला. धावताना पत्ताच नाही. बहुधा खाली उतरायच्या आधी, पाय बधिर असतानाच्या त्या दहा मिनिटांत शिरला असावा, आणि पुढे ऊब आल्यावरही मला काही कळलं नाही. मधुमेह नाही, मागच्याच महिन्यात तपासलंय.

म्हणजे भाऊ, उणे बारा नको, नऊ अंशही पुरतात. हे मला मानावं लागतंय. बूट मात्र अजून घालणार नाही. पहिले दोन किलोमीटर सँडल, पाय तापले की काढून हातात घ्यायचे, असं ठरवलंय.

बर्फातला भाऊ

हातात चप्पल घेऊन धावणारा माणूस दिसला की टेकडीवरची कुत्री काय समजतील, याचा विचार केलाय का?

टेकडीवाला

केला. कमरेला बांधतो.