पेटीसमोरच्या टॅबवर होमचं बटण सारखं दाबलं जातं. पानं उलटायला कळा कशा नेमायच्या?

रामबागची_पेटी, इंदूर

नमस्कार मंडळी. भजनी मंडळात वह्यांच्या जागी टॅब आलाय. दहा इंची सॅमसंग, अँड्रॉइड १४, अभंग सगळे पीडीएफमध्ये. वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. पान उलटायला उजवा हात घाईत जातो आणि तळाच्या पट्टीतलं होम दाबलं जातं.

विचारायचंय ते असं. बॅकचं बटण उजवीकडून डावीकडे नेता येतं का? आवाजाच्या कळांनी पान पुढं-मागं करता येईल का? ब्लूटूथ पेडल घेतलं तर ते कुठल्याही टॅबला चालतं का? रूट करायचं नाही, म्हणजे टॅबच्या सिस्टमची आतली कुलपं तोडायची नाहीत.

शिवाय राखीव म्हणून एक जुना बिनब्रँडचा टॅब आहे, १०.१ इंची, १२८० × ८००, अँड्रॉइड ८. त्याच्या काचेची खालची साधारण १ सेंमी पट्टी स्पर्शच घेत नाही, म्हणजे बॅक-होम दोन्ही मेलेले. जेल रोडवर काच बदलण्याचा जो भाव सांगतात, तेवढा खर्च या टॅबवर करण्यात अर्थ नाही.

कळफलक

आधी पट्टीचं बघू. सॅमसंगवर सेटिंग्ज, डिस्प्ले, नेव्हिगेशन बार. तिथंच बटणांचा क्रम बदलण्याचा पर्याय आहे. बॅक डावीकडे येतो. शाओमीच्या टॅबवर हेच ‘मिरर बटन्स’ नावानं मिळतं. यापेक्षा जास्त हवं असेल, म्हणजे बटणं एका बाजूला सरकवणं किंवा चिन्हं बदलणं, तर गॅलेक्सी स्टोअरमधून गुड लॉक घ्या आणि त्यातलं नॅवस्टार टाका. हे सॅमसंगचं स्वतःचंच आहे, रूट लागत नाही.

पण क्रम बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही. होम मधोमधच राहणार आणि हात तिथंच पडणार. जेश्चरवर (बटणांऐवजी बोट ओढून चालवणं) जा असंही कुणीतरी सुचवेल, तर जाऊ नका. जेश्चरमध्ये पडद्याच्या डाव्या-उजव्या कडेपासून आत बोट ओढणं म्हणजे ‘मागे’. पान उलटताना आपण नेमकं तेच करतो. संवेदनशीलता कमी करता येते, पण घाईतला हात कडेवरच जातो.

तुम्हाला हवंय ते अ‍ॅप पिन करणं. सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ‘इतर सुरक्षा सेटिंग्ज’ या भागात पिन अ‍ॅप चालू करा. पीडीएफचं अ‍ॅप उघडा, रीसेंट्स (अलीकडची अ‍ॅप दाखवणारं बटण) दाबा, अ‍ॅपच्या चिन्हावर टॅप करून पिन निवडा. आता होम दाबलं तरी अ‍ॅप सुटत नाही. बाहेर पडायला बॅक आणि रीसेंट्स एकत्र दाबून धरायचे. बाहेर पडताना पिन नंबर मागण्याची खूण मात्र काढून टाका, नाहीतर आरतीच्या वेळी आकडे विसरलेला माणूस टॅब घेऊन फिरताना दिसेल.

जुने लेख वाचून पट्टी कायमची लपवायला जाऊ नका. ‘पॉलिसी कंट्रोल’मध्ये इमर्सिव्ह (पूर्ण पडदा) घालायची एडीबी आज्ञा, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलनं टॅबला द्यायची आज्ञा, सगळीकडे लिहिलेली असते, पण अँड्रॉइड ११ पासून ती काढून टाकली आहे. आज्ञा चूक दाखवत नाही, नुसती काहीच करत नाही. त्यामुळे माणूस केबल बदलत बसतो.

तानपुरा_लष्कर, ग्वाल्हेर

आवाजाच्या कळांबद्दल: मॅपिंगच्या, म्हणजे कळेला दुसरं काम नेमण्याच्या, नादी लागण्याआधी वाचनाचं अ‍ॅपच ते करतं का ते पाहा. लायब्रेरा या वाचनाच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये आवाजाच्या कळांनी पान उलटण्याचा पर्याय आहे, आणि वादकांसाठी वेगळा मोडही आहे. मोबाइलशीट्स तर नोटेशनसाठीच बनलेलं आहे, त्यात पेडलच्या प्रत्येक कळेला काम नेमता येतं. अ‍ॅपनं स्वतः कळ पकडली की मधे दुसरं काही लागत नाही आणि उशीरही होत नाही.

अ‍ॅप बदलायचं नसेल तर ‘की मॅपर’ घ्या, कळांना कामं नेमणारं. फुकट आहे, सोर्स खुला आहे. ते अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेतून (अँड्रॉइडची अपंगांच्या सोयीसाठीची व्यवस्था) कळा वाचतं, म्हणून आधी ती सेवा चालू करावी लागते. अ‍ॅप प्ले स्टोअरऐवजी फाइल उतरवून टाकलं असेल तर अँड्रॉइड १३ पासून पुढे ती खूण करडी दिसते. एकदा चालू करायचा प्रयत्न करा, नकार येईल. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, की मॅपर, वरचे तीन ठिपके, ‘प्रतिबंधित सेटिंग्जना परवानगी’. नकार येण्याआधी हा पर्याय तीन ठिपक्यांत दिसतच नाही, तिथं लोक अडकतात.

मग ट्रिगर (काम सुरू करणारी कळ) म्हणून आवाज कमीची कळ रेकॉर्ड करा. कृती निवडताना एक खाच आहे. ‘पेज डाउन’ हा कीकोड (अँड्रॉइडमधला कळेचा आकडा) निवडला तर तो पाठवायला की मॅपरचा स्वतःचा कीबोर्ड सहसा निवडलेला असावा लागतो, म्हणजे मराठी टायपिंगचा कीबोर्ड दर वेळी बदलत बसा. त्यापेक्षा ‘स्क्रीनवर टॅप’ ही कृती घ्या: पानाच्या उजव्या कडेजवळचा बिंदू, जिथं टॅप केल्यावर अ‍ॅप पान उलटतं. स्क्रीनशॉट काढून त्यावर बिंदू निवडता येतो. टॅब आडवा केला की तोच बिंदू भलतीकडे जातो, म्हणून उभ्या आणि आडव्यासाठी दोन वेगळे नकाशे (कळ आणि तिचं काम यांच्या जोड्या) करा आणि प्रत्येकाला दिशेची अट लावा. दुसरी अट, ‘हे अ‍ॅप समोर असताना’. ती विसरलात तर यूट्यूबवर आवाज कमी करायला जाल आणि पडद्यावर कुठेतरी टॅप पडेल.

एकाच कळेवर एकदा दाबणं आणि दोनदा दाबणं अशी दोन कामं ठेवू नका. दुसरं दाबणं येतंय का ते पाहायला यंत्र पहिल्या दाबाचं काम थोपवून धरतं, साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा. मेसेज पाठवताना ते जाणवणार नाही, द्रुत लयीत नक्की जाणवेल.

बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून की मॅपर वगळा, नाहीतर तासाभरानं सेवा मरते. शाओमीवर ऑटोस्टार्टही द्यावं लागतं. पॉवरची कळ नुसत्या अ‍ॅक्सेसिबिलिटीवर चालणाऱ्या अ‍ॅपच्या हाती येत नाही, आणि पडदा बंद असताना आवाजाच्या कळाही येत नाहीत. अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू दिसली की काही बँकांची अ‍ॅप उघडत नाहीत, तेव्हा मंडळाचा वर्गणीचा व्यवहार दुसऱ्या फोनवर ठेवा.

मांडी_घालून

पेडलबद्दल कुणी बोललंच नाही. ब्लूटूथ पेडल टॅबला कीबोर्ड म्हणून जोडलं जातं. कळ दाबली की बाणाची किंवा पेज अप-पेज डाउनची कळ पाठवतं. कुठली ते पेडलवरच्या मोडवर ठरतं. म्हणून चालतं सगळ्यांना, फक्त अ‍ॅपला ती कळ समजली पाहिजे. एका मोडमध्ये पान न उलटता नुसतं वरखाली सरकलं तर मोड बदलून बघा.

दुकानदार न सांगणाऱ्या तीन गोष्टी. जोडल्याबरोबर पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो, कारण टॅबला वाटतं खरा कीबोर्ड आला. फिजिकल कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा’ चालू करा. दुसरी, बरीच पेडलं काही वेळ न दाबल्यास झोपतात आणि पहिला दाब फक्त जागं करण्यात जातो. निरूपण लांबलं असेल तर पुढचा अभंग सुरू व्हायच्या आत एकदा दाबून ठेवा. तिसरी, झोपून उठलेलं पेडल पुन्हा जोडलं जातं तेव्हा अँड्रॉइडच्या दृष्टीनं कीबोर्डची रचना बदललेली असते. ज्या अ‍ॅपनं हे सांभाळलेलं नाही ते स्वतःला नव्यानं उघडतं आणि पहिल्या पानावर जातं. तसं झालं तर अ‍ॅप बदला, पेडलचा दोष नाही.

आणि हो, ही पेडलं खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आहेत. मांडी घालून बसल्यावर पाऊल कुठून आणणार? उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवून गुडघ्यानं दाबता येतं, पण सतरंजीवर ते सरकतं. खाली रबरी मॅट हवी. सेल्फीचा छोटा रिमोट पेटीच्या वरच्या फळीवर दुहेरी चिकटपट्टीनं लावणं जास्त सोयीचं. त्याचं बटण बहुधा आवाज वाढवण्याची कळ पाठवतं. की मॅपरमध्ये ट्रिगर रेकॉर्ड केल्यावर ‘कुठल्याही उपकरणावरून’ऐवजी तो रिमोटच निवडा, म्हणजे टॅबच्या स्वतःच्या कळा आवाजासाठी मोकळ्या राहतात.

रामबागची_पेटी, इंदूर

पिन केलं, उत्तम चाललंय. घरात बोटात घालायची एक ब्लूटूथ अंगठी पडून होती, रील सरकवायची. ती जोडली जाते, पण की मॅपर रेकॉर्ड करताना काहीच पकडत नाही. बिघडली असेल का?

कळफलक

बिघडलेली नाही. या अंगठ्यांपैकी बऱ्याच कळ पाठवतच नाहीत, माऊस किंवा टचपॅड असल्याचं भासवून पडद्यावर ठरलेला स्वाइप मारतात. की मॅपरला कळ लागते, इथं कळच नाही. उभं सरकणाऱ्या पीडीएफला ती तशीच वापरता येईल, आडवी पानं उलटणाऱ्या अ‍ॅपला नाही. नवीन घेताना दुकानातच टॅबवर नोट्सचं अ‍ॅप उघडा आणि बटण दाबा. कर्सर हलला, ओळ बदलली किंवा आवाजाची पट्टी दिसली तर कळ आहे. पडद्यावर बाण किंवा ठिपका हलला तर परत द्या.

जुनं_ते_सोनं

जुन्या टॅबचं राहिलं. अँड्रॉइड ८ आहे हे तुमचं नशीब, कारण ओव्हरस्कॅनची आज्ञा अँड्रॉइड ११ मध्ये काढली. ती वापरून अख्खा पडदा मेलेल्या पट्टीच्या वर उचलता येतो.

१२८० × ८०० ला १०.१ इंच म्हणजे इंचाला सुमारे १४९ पिक्सेल, १ सेंमीला ५९. थोडी सूट धरून ६५ घ्या. टॅबच्या माहितीत बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू करा, कॉम्प्युटरवर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स उतरवा. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं टॅब दिसतच नाही. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: एडीबी शेल डब्ल्यूएम ओव्हरस्कॅन (adb shell wm overscan), मग ०,०,०,६५, आकडेही इंग्रजीच. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. क्रम डावी, वरची, उजवी, खालची बाजू. काळी पट्टी भलत्याच कडेला आली तर तुमच्या टॅबची मूळ दिशा वेगळी धरलेली आहे. ६५ दुसऱ्या जागी सरकवा. पूर्ववत करायला आकड्यांच्या जागी रीसेट (reset) लिहा. रूट नाही, आणि टॅब बंद-चालू केला तरी टिकतं.

कॉम्प्युटर हाताशी नसेल तर टॅब उलटा धरा. ऑटो-रोटेट चालू असलं की बहुतेक टॅब पूर्ण १८० अंशांत फिरतात. पट्टी खालीच राहते, मेलेला भाग वर जातो. मग वरून सूचनांचा पडदा ओढता येत नाही, पण अभंगांना सूचना कशाला हव्यात.

तानपुरा_लष्कर, ग्वाल्हेर

उलटा धरताना चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला जातं ते पाहून स्टँड निवडा, पिन वाकते.

आणखी एक, कुणी रूटवाला भेटून ‘कीलेआउट फाइलमध्येच (कुठल्या कळेचं काय काम ते सांगणारी सिस्टमची फाइल) बदल करून देतो’ म्हणाला तर एवढं विचारा: आकडा कुठला टाकणार? त्या फाइलमध्ये लिनक्सचा, म्हणजे अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या प्रणालीचा, स्कॅनकोड लागतो, अँड्रॉइडचा कीकोड नाही. पेज डाउन तिथं १०९ आहे, अँड्रॉइडमध्ये ९३. फाइलमध्ये ९३ लिहिलं तर ती जपानी कीबोर्डवरची काताकाना-हिरागानाची कळ ठरते आणि तुमचं पेडल मुकाट बसतं. शिवाय अँड्रॉइड १० पासूनच्या बहुतेक टॅबवर सिस्टमचा भाग लिहिता येत नाही, मॅजिस्क या रूटच्या साधनाचं मॉड्यूल करावं लागतं, आणि सॅमसंगवर मॅजिस्क टाकलं की नॉक्स, म्हणजे सॅमसंगची सुरक्षा व्यवस्था, कायमचं जातं.

मांडी_घालून

रूटशिवाय तेच करायची एक वाट आहे: अँड्रॉइडला कीबोर्डचे ले-आउट वेगळ्या अ‍ॅपमधून देता येतात आणि त्यात कळांची अदलाबदल लिहिता येते. फिजिकल कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो ले-आउट निवडायचा. सेवा चालू ठेवायची गरज नाही, उशीर नाही, बँकेचं अ‍ॅपही कुरकुरत नाही. पण पेडल स्वतःला पूर्ण कीबोर्ड म्हणवत असेल तरच ते त्या यादीत दिसतं. जोडून त्या पानावर नाव येतंय का तेवढं बघा. आलं तर कुठल्या कळा पाठवतं ते इथं लिहा, ओळी सांगतो.