घरचा आड आटला, बोअर हवा ओढतंय. सिन्नर-येवल्याकडच्या लोकांनी मार्ग सांगा (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो, आई-दादा (वडील) गावाकडे, सिन्नर तालुक्यात वावीच्या बाजूला. 2023 ला सरकारने जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात सिन्नर होताच, पण त्या वर्षीसुद्धा आमच्या आडाने कशीबशी साथ दिली होती. यंदा मार्च संपायच्या आत तळ दिसला.

आड 8 फूट रुंद, 42 फूट खोल, आजोबांनी 72 च्या दुष्काळात खोदलेला. वर दगडी बांधकाम, मग मुरूम, शेवटचे दहा-बारा फूट काळा पाषाण. मुरूम संपून पाषाण लागतो तिथल्या भेगेतून एकच झरा आहे, पूर्वी करंगळीएवढी धार असायची, आता नुसती ओल चमकते. दोरीला गाठी मारून मोजलं, रात्री 9 ला पूर्ण उपसला तर सकाळी 6 ला चार इंच पाणी, म्हणजे पावणेपाचशे लिटरच्या आसपास. घरात पाच माणसं, दोन गाई, आणि ह्या उन्हात दुभती गाय एकटीच 70-80 लिटर पिते, त्यामुळे कपडे-भांडी सगळं अडतं. आई पहाटे साडेतीनला उठून पिण्याच्या दोन कळश्या आधी काढून घेते, कारण उजाडल्यावर बादली तळाला घासायला लागते आणि पाणी गढूळ येतं. मागच्या रविवारी मी तिथेच होतो, बादली दगडाला लागल्याचा आवाज पार आतल्या खोलीत ऐकू येत होता, परत झोप लागली नाही.

बोअर आहे 180 फुटांचं. पाच मिनिटं पाणी देतं, मग पाइप फुसफुसायला लागतो, तासदोन तास थांबायचं, परत पाच मिनिटं. त्यात एका रात्री लाईट गेली, पहाटे परत आली, स्टार्टर ऑटोवर राहिलेला, मोटार कोरडीच फिरली आणि जळाली. वाइंडिंग नवीन भरून आणलीय पण पाणी संपलं की आपोआप बंद होईल असं पॅनल बसवायचंय, दीड एचपीच्या सबमर्सिबलला कुणी बसवलं असेल तर अनुभव सांगा, कारण दादा 71 वर्षांचे आहेत, त्यांनी प्रत्येक वेळी स्टार्टरपाशी उभं राहायचं हे मला बघवत नाही.

एक चूक आमची झाली ती सांगतो म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. 5000 लिटरचा टँकर मागवला आणि एवढी मोठी टाकी नाही म्हणून सरळ आडात सोडला. साडेतीन फूट चढला, सकाळी बघतो तर जेमतेम दीड फूट. आजूबाजूची जमीनच कोरडी ठाक, तिनेच पिऊन टाकलं. आता 2000 लिटरची काळी टाकी घेतलीय, टँकर त्यातच उतरवतो.

आता मुख्य प्रश्न. पैसे एकदाच घालता येतील, तर कशात घालू? आड अजून दहा फूट खाली न्यायचा, की तळाशी बाजूच्या पाषाणात आडवे बोअर मारून घ्यायचे, की नवीन उभं बोअर? पाणाड्याने नारळ घेऊन बांधाच्या कडेला जागा दाखवलीय आणि दादांचा त्याच्यावर विश्वास आहे, मला तो मोडायचा नाही, पण बोअरगाडीवाला म्हणतो 400 फूट जाऊ, आणि आपल्याकडच्या ह्या पाषाणात खाली भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसती धूळ. सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून घरगुती पाण्यासाठी जागेची पाहणी कुणी करून घेतलीय का? अर्ज कसा केला, किती दिवस लागले?

*अपडेट:* गाळ काढला का, टँकरचं पाणी शुद्ध कसं करता, असं दोघांनी विचारलंय म्हणून लिहितो. गाळ काढायला माणूस उतरवलेला नाही. डिझेल इंजिन आडात उतरवून उपसायचं तर अजिबात नाही, त्या धुराने माणसं गेलेली आहेत, कृपा करून तो सल्ला देऊ नका. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतो, 1000 लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून निवळी तेवढी टाकीत ओततो आणि तासभर पाणी काढत नाही. पावडर ताजी लागते, डबा उघडा राहिला तर दम जातो.

पत्र्यावरचं पावसाचं पाणी खड्ड्यातून गाळून बोअरमध्ये सोडायचा इथे मिळालेला सल्ला पटला. पत्रा हजार चौरस फूट आहे, म्हणजे 100 मिलिमीटर पाऊस झाला तरी आठ-नऊ हजार लिटर होतं. फक्त खड्डा किती खोल, खडी-वाळूचे थर कसे, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर कसं काढायचं हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी फोटोसकट सांगा. हे काम मे मध्येच उरकायचंय. येत्या शनिवारी गावाला चाललोय, तोवर आडव्या बोअरबद्दल कुणी सांगितलं तर गवंड्याशी बोलून घेईन.